कुंडीची उत्तरपूजा

॥ श्री ॥

जुन्नर,
२० जानेवारी १९९७

तीर्थस्वरूप दादांस,
धाकट्या प्रयागचा शि. सा. न. वि. वि.

संक्रांतीचा तिळगूळ आणि तुमचं पत्र दोन्ही पोचलं. वहिनींच्या वड्या पहिल्याच दिवशी संपल्या.

निवडून आले त्याला महिना झाला, तरी गल्लीत मला नगरसेविका कुणी म्हणत नाही. नळ गेला की खिडकीतून प्रयागा, पाणी गेलं, असं ओरडतात, जणू मीच चावी फिरवली. पहिल्या सभेला गेले तर शिपायाने विचारलं, साहेब कुठे आहेत. मी सांगितलं, साहेब गिरणीत बाजरी दळताहेत, सभा मलाच करायची आहे.

आता कामाचं. आमच्या गल्लीत बायकांना शौचालय नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. उजाडायच्या आत नदीकाठी जायचं, नाहीतर दिवस मावळायची वाट बघायची. मागच्या पावसाळ्यात बायडाबाई तिथल्या दगडावरून घसरल्या, त्यांची काठी अजून सुटलेली नाही. त्या गल्लीत सगळ्यांत वडील. सोवळं कडक आणि शब्द त्याहून कडक. त्या हो म्हणाल्या की गल्ली हो म्हणते. मला मतं पडली ती त्यांच्यामुळे, आणि मागणं त्यांचं एकच होतं, की बाई, तेवढं एक कर.

मी सभेत शौचालय मागितलं. नगराध्यक्ष म्हणाले, तुमच्या गल्लीला अजून केर जागेवर टाकता येत नाही, शौचालय काय सांभाळणार? मला खाली बघावं लागलं, कारण आमचा सगळा केर कोपऱ्यावरच्या पडक्या जागेत जातो. शेवटी त्यांनी अट घातली. एक लोखंडी कचराकुंडी देतो, ५ मार्चला स्वतः बघायला येतो. केर कुंडीत दिसला तर शौचालय तुमचं, नाहीतर दुसऱ्या वॉर्डाचं.

कुंडी पुढच्या शुक्रवारी येतेय. माझं पहिलंच काम. हे म्हणतात, आणून ठेवायची, त्यात काय. पण तुम्हाला विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. काय करू ते कळवा.

माया आहे तशी ठेवा.
तुमची,
प्रयाग


॥ श्री ॥

राजुरी,
२४ जानेवारी १९९७

चि. सौ. प्रयाग हिस,
हौशीरामचे अनेक आशीर्वाद. विशेष.

पत्र वाचून ऊर भरून आला. आपल्या घरात आजवर कुणी सोसायटीचा चेअरमनसुद्धा झालं नाही. कांद्याला पाणी देत बांधावर बसून पत्र दोनदा वाचलं, तोवर पाणी शेजारच्या वावरात गेलं.

दाजींचं म्हणणं मनावर घेऊ नकोस. देवाला पुढे केल्याशिवाय कामाला हात घालू नये. सकाळी कुंडी स्वच्छ धुवावी. दर्शनी बाजूला कुंकवाने स्वस्तिक काढावं. पाच सुवासिनींनी हळदीकुंकू लावावं, झेंडूचा हार घालावा, नारळ वाढवावा, गुळाखोबऱ्याचा नैवेद्य दाखवून आरती करावी. बायडाबाईंना मानाने पुढे बसव. गल्लीला वाटलं पाहिजे की ही नगरपालिकेची नाही, आपली आहे.

तुझी वहिनी म्हणते, कचराकुंडी आहे, नवा ट्रॅक्टर नव्हे. मी तिला सांगितलं, आपण लक्ष्मीपूजनाला केरसुणीची पूजा करतो का नाही? तिने ते मान्य केलं. चार वर्षांत पहिल्यांदाच.

तब्येतीला जप. सभेत घाबरू नकोस. दाजींना नमस्कार.

तुझा,
दादा


॥ श्री ॥

जुन्नर,
९ फेब्रुवारी १९९७

तीर्थस्वरूप दादांस,
प्रयागचा नमस्कार. वि. वि. म्हणण्याजोगं या वेळी फारसं काही नाही.

तुम्ही सांगितलंत तसं सगळं केलं. स्वस्तिक तर असं सुबक आलं की लोक बघत राहिले. पाचाच्या जागी अकरा सुवासिनी आल्या, कारण हळदीकुंकवाचे दिवस. बायडाबाईंनी स्वतः आरती म्हटली.

त्यानंतर आजपर्यंत त्या कुंडीत एका माणसानं केराची काडी टाकलेली नाही.

पहिल्या दिवशी गल्लीतली लंकाबाई सुपडी घेऊन गेली, तर बायडाबाईंनी ओट्यावरून विचारलं, पुजलेल्या वस्तूत खरकटं टाकतेस काय. ती तशीच मागे फिरली आणि सगळा केर कुंडीच्या शेजारी ओतून गेली. आता सगळी गल्ली शेजारीच ओतते. आधी केर कोपऱ्यात होता, आता गल्लीच्या तोंडाशी आहे. तुमचं केरसुणीचं उदाहरण मी बायडाबाईंना दिलं. त्या म्हणाल्या, केरसुणीनं केर काढतात, केरसुणीवर केर ओतत नाहीत.

मंगळवारी-शुक्रवारी कुंडीला ताजा हार असतो. संध्याकाळी पणती असते, कोण लावतं कळत नाही. गल्लीतल्या भागूच्या म्हशीला रेडी झाली, तर त्याने वर पेढे ठेवले. काल नगरपालिकेचे आरोग्य निरीक्षक तपासायला आले. रागातच होते, पण कुंकू आणि उदबत्ती बघून त्यांनी आधी वहाणा काढल्या, हात जोडले, आणि मग मला हळूच विचारलं, देव कोणता. मी म्हटलं, साहेब, ही तुमचीच कुंडी. त्यांनी वहाणा घातल्या आणि वहीत लिहिलं, कुंडी रिकामी, कचरा बाहेर.

हसू नका. परवा पहाटे कुणी नसताना मी स्वतः केर घेऊन गेले. म्हटलं, आपणच सुरुवात करावी. समोर माझ्याच हातचं स्वस्तिक. माझा हात वर झाला नाही. सुपडी घेऊन परत आले.

पाच मार्चला चोवीस दिवस उरलेत. बायडाबाई रोज विचारतात, शौचालयाचं कुठवर आलं. त्यांना काय सांगू, की तुमच्यामुळेच अडलंय? दादा, तुम्ही बसवलेला देव आहे, आता तुम्हीच बघा.

उत्तराची वाट बघणारी,
प्रयाग


॥ श्री ॥

राजुरी,
१४ फेब्रुवारी १९९७

चि. सौ. प्रयाग हिस,
अनेक आशीर्वाद.

चूक माझी आहे. तुझी वहिनी दोन दिवस झाले घरातला केर काढला की सुपडीला हात जोडते. मी ते सोसतो आहे.

मी पुष्कळ विचार केला. तुम्हा बायकांचं चुकलेलं नाही. जिथे हात जोडले तिथे घाण टाकवत नाही, हे चांगल्या मनाचंच लक्षण आहे. तुझाही हात वर झाला नाही हे वाचून मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. मग सकाळी मारुतीला पाणी घालताना माझ्या ध्यानात आलं. गणपती घरात असतो तोवर आपण त्याला धक्का लावत नाही. उत्तरपूजा झाली, अक्षता पडल्या, मूर्ती जागेवरून जरा हलवली, की मग ती माती. आपण देवाला कुंडीत बोलावलं आणि निरोप द्यायचा विसरलो. पाहुणा उंबऱ्यात बसून आहे, त्याला ऊठ म्हणणारं कुणी नाही.

गावातल्या जोशीकाकांना विचारलं. ते म्हणाले, कुंडीचा विधी पोथीत नाही, पण ज्याचं आवाहन आहे त्याचं विसर्जन आहे, दहीपोह्यांची शिदोरी विसरू नकोस.

गुरुवारी २० तारखेला पहिल्या एसटीने येतो. दही वहिनी देते आहे. कुंडी हलवायला चार गडी बघून ठेव.

तुझा,
दादा


॥ श्री ॥

जुन्नर,
२१ फेब्रुवारी १९९७

सौ. साळुवहिनींस,
प्रयागचा सप्रेम नमस्कार.

हे पत्र दादांच्याच पिशवीत घालून, डिंकाने नीट चिकटवून पाठवतेय. काल काय झालं ते दादा स्वतः सांगणार नाहीत, म्हणून लिहिते.

दादांनी आंघोळ करून धोतर नेसलं आणि भर गल्लीत कुंडीपुढे पाटावर बसले. अक्षता वाहिल्या, दहीपोहे ठेवले, देवाला हात जोडून निरोप दिला. मग चौघांनी कुंडी हलवली. वीतभरच हलवायची होती, पण ती उतारावरून गडगडत थेट लंकाबाईच्या दारात गेली. लंकाबाई म्हणाली, निघालेला देव माझ्या घरी नको. परत ढकलत आणली.

सगळं झालं आणि सगळे उभे. कुणी पुढे येईना. बायडाबाई सुपडी घेऊन आल्या होत्या, पण काठी टेकून तिथेच थांबल्या आणि दादांना म्हणाल्या, "पावणं, देव गेला कशावरनं?"

वहिनी, याला पोथीत उत्तर नव्हतं. दादा उठले, बायडाबाईंच्या हातातली सुपडी घेतली आणि म्हणाले, "नसला गेला, तर तुमचा केर न्यायलाच थांबला आसंल."

आणि धोतराचा सोगा सावरून सगळा केर त्यांनी कुंडीत ओतला. कांद्याची टरफलं, चुलीची राख, सगळं. राख उडून त्यांच्या तोंडावर बसली. बायडाबाईंनी कुंडीत वाकून बघितलं. मग त्या मला म्हणाल्या, पाव्हण्यांना हात धुवायला पाणी दे. एवढं म्हणून बाहेर पडलेला ढीग काठीने दाखवला आणि लंकाबाईला विचारलं, हा काय तुझा बाप उचलणार. तासाभरात कुंडी भरली.

दादांकडे पाठ करून हसा, पण समोर जरा मान ठेवा. ते फार चांगले दिसत होते, राखेतसुद्धा.

तुमची लाडकी नणंद,
प्रयाग


॥ श्री ॥

राजुरी,
१२ मार्च १९९७

चि. सौ. प्रयाग हिस,
आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. नगराध्यक्षांनी कुंडीत डोकावून नाकाला रुमाल लावला, आणि तुम्ही सगळ्या त्यावर खूश झालात, हे वाचून आम्हीही खूश झालो. नाकाला लावलेल्या रुमालाचा एवढा आनंद मी आजवर ऐकला नव्हता. शौचालय मंजूर झालं, बायडाबाईंचा शब्द राहिला. देवाची कृपा.

तू माझ्याच पिशवीतून काय पाठवलंस ते घरी आल्यावर कळलं. वहिनी ते पत्र शेजाऱ्यांना वाचून दाखवते. मात्र सुपडीला हात जोडणं तिने थांबवलं आहे.

शौचालय बांधून झालं की कळव. मी काहीही सुचवणार नाही.

तुझा,
दादा


॥ श्री ॥

जुन्नर,
१३ ऑक्टोबर १९९७

तीर्थस्वरूप दादांस,
प्रयागचा शि. सा. न. वि. वि.

शौचालय परवा दसऱ्याला उघडलं. मुहूर्त नगराध्यक्षांचा. मला धडकीच भरली, कारण त्या दिवशी गल्ली दिसेल त्याला झेंडू बांधते. गिरणीला हार, सायकलींना हार, तराजूला हार. मी सकाळपासून केरसुणी घेऊन शौचालयाच्या दारात उभी. कुंकवाचं बोट पुढे आलं की मागे सार. नारळ फोडला तोही पलीकडे रस्त्यावर. नगराध्यक्षांना हे विचित्र वाटलं, पण मी म्हटलं, साहेब, आमच्यात तशी रीत आहे.

फीत कापायला त्यांनी कात्री घेतली. बायडाबाई म्हणाल्या, फीत कुणीही कापा, आत आधी मी जाणार. लोक हसले. त्या हसल्या नाहीत. काठी माझ्या हातात दिली, डबा घेतला, आत गेल्या आणि दार लावलं.

नगराध्यक्षांचं भाषण झालं. आभार झाले. पेढे वाटून झाले. बायडाबाई बाहेर येईनात. मला वाटलं, पडल्या की काय. दारावर थाप मारली, तर आतून कडीचा आवाज आला. उघडली, लावली, पुन्हा उघडली, पुन्हा लावली.

मग त्या बाहेर आल्या. भर दुपारचं ऊन, गल्लीतली सगळी माणसं समोर, आणि त्या कुणाकडेही न बघता माझ्याजवळ आल्या. काठी घेतली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "कडी आतनं लागती गं."

दादा, सत्तर वर्षांच्या बाईने सांगितलेली ही बातमी तुम्हाला कळवायची होती. बाकी सर्व ठीक.

वहिनींना नमस्कार. जिव्हाळा असाच राहू द्यावा.

तुमची,
प्रयाग