एका ताटात

१४ नोव्हेंबर

आई आज पण जेवून गेली नाही! मी भाकर वाढली तर म्हणे, "तिकडं खाते." तिकडं म्हणजे मावला गावात, नागोरावांच्या घरी. किराणा दुकानवाले म्हातारे. गेल्या वर्षी न्हाणीत घसरून पडले, खुबा मोडला. तेव्हापासून आई त्यांच्याकडं ड्युटीला — उठवणं, आंघोळ, वॉकर धरून चालवणं, औषध. मुलगा आणि सून दुसऱ्या गावी, भैंस्याला, कापसाच्या धंद्यात. आठवड्याला एक चक्कर मारतात. बाकी दिवसभर घरात दोघंच.

दोघंच. लिहिलं, खोडलं, परत लिहिलं.

१५ नोव्हेंबर

वृषाली भेटली. कॉलेजच्या गेटसमोर — सेकंड इयरला लेक्चररची कॉलर धरून मी ज्या गेटातून बाहेर पडलो, तेच गेट. तिची फायनल आहे यंदा. मी मोबाईलच्या दुकानात डिस्प्ले बदलतो. असो.

तिची मावशी मावल्यात राहते, नागोरावांच्या अगदी समोर. मावशीनं खिडकीतून पाहिलं म्हणे. माझी आई आणि तो म्हातारा — एका ताटात जेवत होते!

"मी काही म्हणत नाई. मावशी म्हणून राह्यली. माह्या बाबाच्या कानावर गेलं तं आपलं काय होईन, ते तू पाह्य."

बोलताना हसली का ती? मला वाटतं हसली.

१७ नोव्हेंबर

आता एकेक आठवून राहिलंय. आधी आई त्यांना 'बाबाजी' म्हणायची. आता नुसतं 'ते'. "ते काल झोपले नाईत." "त्यांना कारलं चालत नाई." बाई कोणाला 'ते' म्हणते, मला कळत नाही काय?

आज रविवार. तरी गेली. जाताना आरशासमोर उभी होती. मी विचारलं, काऊन एवढा वेळ? म्हणे, "केस पिकले का, पाहून राह्यली."

१८ नोव्हेंबर

वृषालीनं मेसेज वाचला. निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. ऑनलाईन आहे — कोणाशी?

२० नोव्हेंबर

दुकानातून दुपारी सटकलो आणि गाडी घेऊन सरळ मावल्याला. समोरचं दार लोटलेलं. फटीतून पाहिलं. मावशी खोटी नाही! पलंगाजवळ स्टूल, स्टुलावर ताट, अंबाडीची भाजी, भाकर. एक घास आईचा, एक म्हाताऱ्याचा. परत आईचा, परत त्याचा. आणि आई काहीतरी सांगत होती, आणि तो तोंडात घास ठेवून हसत होता.

दार ढकलून आत गेलो. "हे काय चाललंय?"

आई म्हणाली, "जेवण. तू जेवला का?"

म्हातारा माझ्याकडं डोळे वटारून, "भागा, हा कोन? विष टाकायले तं नाई आला?"

आईनं मला दंडाला धरून बाहेर काढलं. समोरच्या खिडकीतला पडदा हलला. दिसलं मला!

२१ नोव्हेंबर

भगवानरावांना, म्हाताऱ्याच्या मुलाला, फोन केला. म्हटलं, तुमचे वडील माझ्या आईला आपल्या ताटात जेवायला बसवतात, तुम्हाला माहीत आहे?

तो म्हणाला, "अरे बाबू, बाबाचं डोकं फिरलं. डबा माझ्या चुलतभावाच्या घरून येते, तं म्हन्ते त्यात विष हाय. कोनी आधी खाल्लं तरच खाते. एक घास चाखून बी भागत नाई, म्हन्ते खालच्या भाकरीत असंन! म्हनून हर घासाले तुझी आई. डाक्टर म्हन्ला, करू द्या. आमाले काय आवडते का ते?"

काय आवडत नाही ते मला चांगलं समजतं. आमच्या हातचं उष्टं त्यांच्या बापाच्या पोटात जातं, हेच ना? तोंडावर म्हटलं तसं.

"तुले पटत नसंन तं सांग. दुसरी बाई पाहू."

ठेवला फोन. म्हणजे आईचं काम आता माझ्या एका शब्दावर आहे.

२२ नोव्हेंबर

भांडण. मी म्हटलं, विष असलं तर आधी तू मरशील!

"नसते विष."

म्हटलं, मग तू कोण? माणसाच्या आधी मांजरीला घालून पाहतात, तसं? उद्यापासून जायचं नाही.

आई भाकर थापत होती. मान पण वर केली नाही. "तू कॉलेजले जात नाई म्हनून मी बी घरी बसू?"

मी उठून बाहेर गेलो.

पण एक डोक्यातून जात नाही. फटीतून पाहिलं तेव्हा तो हसत होता. विषाला घाबरलेला माणूस असा हसत जेवतो?

२६ नोव्हेंबर

आईला ताप. बोटांचे सांधे सुजलेत, पेला धरवत नाही. तरी पदर खोचून उभी! मी चप्पल लपवली. मग म्हणे, "मंग तू जा. ते एकटे हायेत. उठवताना काखेत हात घाल, खुब्यावर जोर देऊ नको. अन् पहिला घास तू खा, नाई तं ते जेवनार नाईत."

मी त्याचं विष चाखू? पण हो म्हटलं. बरं झालं. मला पण त्याला एकट्याला गाठायचंच होतं.

२७ नोव्हेंबर

हे नीट लिहून ठेवतो.

गेलो तेव्हा म्हातारा पलंगाच्या कडेला येऊन बसलेला, दाराकडं डोळे. मला पाहून पडला चेहरा. "भागा?" ताप आहे म्हटलं. काखेत हात घालून उभं केलं. बामाचा वास, अंग हलकं, नुसती हाडं. माझ्या शर्टाला घट्ट धरून वॉकरपर्यंत आला. रागानं आलो होतो, पण पडू कसा देऊ?

डबा उघडला. ताट वाढलं. पहिला घास मी घेतला — रागानंच.

"काऊन रे? उपाशी हाय का तू?"

"तुम्हाला विषाची भीती वाटते ना?"

"कायचं विष? आन इकडं." आणि खाल्लं! अख्खी भाकर, भाजी, वरून ताक. एकदा पण ताटात निरखून पाहिलं नाही.

माझं डोकं सणकलं. "मग आईसमोर नाटक काऊन?"

त्यानं बोटानं मागचं दार दाखवलं. "नळावर जाऊन पाह्य."

गेलो. नळाच्या वर कोनाडा. त्यात एक स्टीलचं ताट, एक पेला, पालथे. वर धुळीचा थर.

"सुनेनं पहिल्याच दिवशी ठेवलं. तुझ्या मायसाठी, अलग. तिनं हात नाई लावला. बोलली बी नाई. घरून तुले खाऊ घालून रिकाम्या पोटी यायची, दिवसभर मले उचलायची. एक दिवस इथंच भिंतीले धरून खाली बसली. मी म्हटलं, आमच्या ताटात जेव. तं सून बोंबलली, भगवान बोंबलला. शाहन्या म्हाताऱ्याचं कोन ऐकते? मंग मी येडा झालो. येड्याचं ऐकतात."

मी आत येऊन स्टुलावर बसलो.

"भगवानले समजलं तं उद्याच तिचं काम बंद. कोनाले सांगू नको. अन् मायले तं बिलकुल नाई. कीव केली म्हनंन, जेवनं सोडून देईन."

तरी विचारलंच — कामवाल्या बाईसाठी कोणी स्वतःला येडा म्हणवून घेते का?

त्यावर तो, "तिले ताप किती हाय?" पाणी दिलं तेव्हा परत तेच. निघताना परत.

२८ नोव्हेंबर

वृषालीचा फोन. "मावशी म्हन्ते ते खरं का खोटं, येवढं सांग. बाबानं विचारलं मले."

खोटं म्हणता येत नाही, खरं कारण सांगता येत नाही. सांगितलं आणि मावशीच्या तोंडून भगवानरावांपर्यंत गेलं तर? म्हटलं, "मावशीनं बरोबर पाहिलं."

तिनं फोन ठेवला. नंतर लावला तर लागत नाही.

३० नोव्हेंबर

आईचा ताप उतरला. सकाळीच वेणी घालून तयार. माझ्यानं राहवलं नाही. सांगून टाकलं — म्हाताऱ्याला भीती-बिती काही नाही. तू जेवावं म्हणून नाटक करतो.

"माहीत हाय मले. पहिल्या महिन्यातच समजलं."

"मग?"

"मंग काय? ते विष म्हन्तात, मी खाते." पिन लावता लावता थांबली. "तुले कोनी सांगलं?"

"त्यांनीच."

"स्वतःहून?"

"हो."

"मले आजपर्यंत नाई सांगलं. अन् तुले एका दिवसात!"

पिशवी खाली ठेवली. कामावर गेली नाही. ताप नाही, सूज नाही, काही नाही. भिंतीकडं तोंड करून बसली आहे. हे बसणं मी ओळखतो, वृषाली अशीच बसते. माझी आई रुसली आहे!