ह्यांचे ड्रेसिंग

ता. ७ जानेवारी १९४७, मंगळवार. बेळगाव.
ऑपरेशन झाले. पहिले. अजून दोन आहेत म्हणतात. दोन वर्षांमागे कॅन्सरने ह्यांचे इंद्रिय मुळाशी कापावे लागले, तिथे आता नवे करणार. डॉ. लढाईवरून सुटून आलेले. तिकडे सोजिरांची उडालेली नाके कातडीने करीत. ह्यांच्याही पोटाची कातडी उचलून सुरळी शिवली आहे, पेटीच्या कडीसारखी. दोन्ही टोके अजून अंगालाच. पुढे एक टोक सोडवून खाली लावणार.
हे सगळे डॉ.नी माझ्या मेव्हण्यांना सांगितले, त्यांनी माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, आणि आक्काने मला. मी फक्त बायको.

ता. ९, गुरुवार.
दवाखान्याच्या आवारात नातलगांना खोल्या आहेत. चूल सारवून घेतली. कुलदेवीला नवस बोलले आहे, हे बरे होईतो सोवळ्यात रांधीन, एकभुक्त राहीन.
मऊ भात, वरण. ताट वॉर्डाच्या उंबऱ्यात ठेवले. आत गेले तर सोवळे मोडते. ह्यांना उठायचे नाही, गुडघे पोटाशी घेऊन पडायचे, नाहीतर टाके ताणतात. मग ताट न्यायचे कोणी? नर्स एस्तेरबाईने सरळ उचलले. गुंजीची आहे, किरिस्ताव; मलाही आक्काच म्हणते. "आक्का, भात गार हुतोय. तुमी दारात किती येळ थांबणार?"
हाताने भरवले. आणि हे मुकाट जेवले! घरी पारोशाने भरलेले पाणी ओतून देणारे हे.

ता. ११, शनि.
ड्रेसिंग सकाळ-संध्याकाळ. पडदा ओढतात. आज आतून हसू आले, ह्यांचे. आजारपणापासून ते ऐकले नव्हते.
दारातून विचारले, काय झाले? "काही नाही, उगाच."
एस्तेरबाईने मागाहून सांगितले. "सायेब म्हन्ले, निपाणीला गेल्यावर वखारीतल्या हमालाला सांगतो, हितं कडी हाय, धर आन् उचल."
विनोद बरा आहे. मला सांगितला असता तर मीही हसले असते.
दोन वर्षे न्हाणीचे दार आतून लावून घेतात. धोतर स्वतः पिळतात. तिथे काय उरले आहे, मी पाहिलेले नाही. ती रोज दोनदा पाहते.

ता. १४, संक्रांत.
आक्का अनगोळहून तिळगूळ घेऊन आली. एस्तेरबाईला मी लांबूनच दिला, हातावर टाकला. आक्काच्या लक्षात आले. "अगं, नर्सवर काय जळतेस? तिचं कामच आहे ते."
जळते कुठे? एवढेच की तिची चाहूल लागली की हे केस सारखे करतात. काल कंगवा मागितला तोही तिच्याकडे.
कंगवा माझ्या ट्रंकेत.

ता. २०, सोम.
न राहवून दारातून बोलले. इतके हाल कशासाठी? माझे काही मागणे नाही, देवी साक्ष.
हे: "तुझ्यासाठी नाहीच. वखारीच्या भिंतीशी चारचौघांसारखं उभं राहायचंय मला. लघवीला बायकांसारखा बसतो, हमाल बघतात. मुनीम म्हणून काय किंमत राहिली?"
खरे असेल. पण मी इथे एका जेवणावर, आणि ह्यात माझे काहीच नाही.
एस्तेरबाईला हे ठाऊक होते. "त्ये तर त्यांनी पयल्याच दिवशी सांगितलं की."
पहिल्या दिवशी!

ता. २७, सोम.
सुरळीने जीव धरला. पुढच्या आठवड्यात महिनाभर घरी सोडणार, मग परत येऊन टोक खाली. तोवर रोज ड्रेसिंग हवे. रंग बघायचा, काळीनिळी पडली तर तडक यायचे, नाहीतर सगळे फुकट.
हे म्हणतात, "एस्तेरबाईंना निपाणीला नेऊ."
"आपल्या घरात?"
"माडीवर राहतील."
मी खोलीवर येऊन तवा ठेवला. पोळ्या करपल्या. तशाच खाल्ल्या, टाकवत नाही.

ता. २९, बुध.
विहिरीवर एस्तेरबाईला गाठले. लाज सोडून विचारले, तुम्हाला सगळे दाखवतात, मला का नाही?
ती आधी हसली. मग घागर खाली ठेवली. "मला दाखवायला त्यांस्नी काय जातंय आक्का? मी उद्या दुसऱ्या खाटंला. तुमच्यासंगं जलम काढायचाय. आन् तुमी तर उंबरा वलांडत न्हाई. त्ये म्हणत्यात, बायकूला किळस येती, सोवळं निमित्त हाय."
किळस.
मी उपाशी राहते ती किळस म्हणून? आणि हे बोलायचे तेही तिच्याजवळ!

ता. ३०, गुरु.
एस्तेरबाईला म्हटले, मला शिकवा. तिने शिकवले, स्वतःच्या हातावर पट्टी बांधून. चिमटा कसा धरायचा, कापूस एकाच दिशेने. हात मागे घेताना म्हणाली, "लई घट्ट धरताय. राग माझ्यावर, तर माझ्याच हातावर काढताय व्हय?"
दोघी हसलो. मला ती अजून आवडत नाही.
नवसाचे काय? कौल लावायला इथे गुरव नाही. बरे होईतो, असे मीच बोलले. हात न लावता बरे व्हायचे कसे? देवीपुढे बसले.

ता. १ फेब्रुवारी, शनि.
सोवळ्याचे लुगडे घडी करून ट्रंकेत. साधे धुवट नेसून वॉर्डात गेले.
ह्यांनी पांघरूण गळ्यापर्यंत ओढले. "सोवळं?"
"मोडलं."
"आणि नवस?"
"देवीचं न् माझं मी बघीन."
"एस्तेरबाई कुठायत?"
पुन्हा तीच. "कामात आहेत."
"मग थांबू."
पडदा ओढला. कोमट पाण्याचे पातेले स्टुलावर ठेवले, कापूस सोडला. म्हटले, "मला किळस नाही. राग आहे."
"कसला?"
"तिनं आधी पाहिलं त्याचा."
हे माझ्याकडे बघत राहिले. मग भिंतीकडे तोंड केले. पांघरुणाची कड मुठीत. वर ओढत नाहीत, सोडतही नाहीत.
पाणी गार झाले. तापवून आणले. खाटेशी बसून हे लिहिते आहे. हे झोपलेले नाहीत, श्वासावरून कळते. मीही उठणार नाही.