दादाची ओळ

प्रिय दादा,

हे पत्र मी पाठवणार नाही. वाचून तू माझ्यासाठी परत येशील आणि बाबांना वाटेल, देवासाठी आलास.

संध्याकाळची प्रार्थना अजून तशीच होते. बाबा तोंडातल्या टाचण्या काढतात, आई शिलाई मशीन थांबवते आणि प्रत्येकजण आपापली ओळ म्हणतो. देव मानत नाही म्हणून तू भांडून गेलास, तेव्हापासून तुझ्या ओळीला आम्ही गप्प उभे राहतो.

काल मी माझी ओळ म्हटली नाही. न मानता म्हणणं मला खोटं वाटायला लागलंय.

"विसरलीस? मोबाइलमधलं बरं सगळं पाठ असतं!" असं म्हणून बाबांनीच माझी ओळ म्हणून टाकली.

"हो, विसरले," मी म्हणाले. तेही खोटंच.

मग धीर करून विचारलं, "दादाची का नाही म्हणत तुम्ही?"

"ती त्याची जागा आहे. आला की म्हणेल, नाहीतर नुसता उभा राहील," बाबा म्हणाले आणि त्यांनी टाचण्या पुन्हा तोंडात धरल्या.

आईने मशीन चालवायला घेतलं, पण सुईत दोराच नव्हता.

आज मी त्यांना खरं सांगणार आहे. लागोपाठ दोन ओळींना गप्प राहणं आईला सोसेल ना, एवढीच धास्ती आहे.

तुझ्या शेजारच्या ओळीची,
बारकी