वरच्या खोलीत काय होतं

४ फेब्रुवारी
तिला पुन्हा किल्ल्यावर पाठवलं. दुसऱ्या दरवाजाचं तोंड कुठल्या दिशेला, हे पाहायला बाईसाहेब विसरल्या! "अहो, तिथे मधमाश्या होत्या," म्हणे. मग पळताना तरी ऊन कुठून येतंय ते दिसलं असेल ना? तासाभराची चढण आहे. मी पायथ्याशी गाडीत बसून केळी खाल्ली. परत आली तेव्हा तोंड लालबुंद. "उत्तरेला," एवढंच म्हणाली आणि पाण्याची बाटली तोंडाला लावली.

अक्कल गुडघ्यात असते म्हणतात. माझी सात वर्षांपूर्वी झिजली. तेव्हापासून चढते ती, सांगते ती, लिहितो मी. चार पुस्तकं झाली, एकाही वाचकाला पत्ता नाही. "काय नजर आहे हो तुमची!" म्हणतात. आहेच. बायकोकडे ठेवायला दिलीय, एवढंच.

९ फेब्रुवारी
प्रकाशकाचा फोन. अकरा प्रकरणं छापायला तयार आहेत. बारावं महिनाअखेर हवं – परदेशातला तो मनोरा, जिथे एका राजपुत्राला वरच्या खोलीत चौदा वर्षं कोंडलं होतं. "बाकीचं ठीक आहे, पण लोक पुस्तक घेणार ते या प्रकरणासाठी." बाकीचं ठीक आहे!

तिनं विचारलं, "पायऱ्या किती आहेत हो?" म्हटलं, तुझ्या तक्रारींपेक्षा कमी.

१४ फेब्रुवारी
पोचलो. हॉटेल जुनं, लिफ्ट नाही, खोली तिसऱ्या मजल्यावर. खिडकीतून मनोरा अख्खा दिसतो. सामान तिनं दोन खेपांत वर आणलं, दर मजल्यावर टेकत टेकत. हॉटेलची मालकीणबाई खालून माझ्याकडे बघत होती. बघू दे.

१५ फेब्रुवारी
फोन, कॅमेरा काही वर नेऊ देत नाहीत. पहारेकरी दारातच काढून घेतो. म्हणजे डोळेच हवेत.

आणि ही निम्म्यातून परत! ओठ निळसर. "छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतंय." म्हटलं, राजपुत्र असेल. हसली नाही. पूर्वी असल्या विनोदांना हसायची.

१६ फेब्रुवारी
मालकीणबाईनं हट्टच धरला, म्हणून डॉक्टरकडे नेलं. म्हातारा माणूस. कार्डिओग्राम काढला, दोनदा पाहिला. मग त्यांच्या भाषेत सावकाश बोलला, मला नीट कळावं म्हणून. हृदयाचं दुखणं आहे. एक जिनासुद्धा चढायचा नाही. उद्याच इस्पितळात दाखल करा.

ही सगळा वेळ माझ्या तोंडाकडे बघत होती, निकालाला आलेल्या पोरीसारखी.

"काय म्हणाले?"

"पित्त आहे. चालतं-फिरतं राहायचं म्हणाले."

"आणि जिने?"

"सावकाश चढ."

या वहीत खोटं लिहायचं नाही असं माझं ठरलेलं आहे, म्हणून लिहितो. मी घाबरलो. पण तिच्यासाठी नाही, प्रकरणासाठी. खालच्या मजल्यावर खोली मागावी असं एकदा मनात आलं. पण मग तिला संशय आला असता.

१७ फेब्रुवारी
तिला विश्रांती दिली. अख्खा दिवस!

१८ फेब्रुवारी
सकाळी निघताना, बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाली, "या वेळी माझं नाव घालाल का हो? बारीक अक्षरात चालेल. आभारात तरी."

म्हटलं, आभार परक्यांचे मानतात.

"आयत्या बिळावर नागोबा," पुटपुटली. मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात. सदतीस वर्षांत पहिल्यांदा!

मी म्हटलं, "नागोबाला खिडकीची दिशा हवी आहे. आणि भिंतीवर राजपुत्रानं काय कोरलंय ते. 'फार सुंदर आहे' एवढं सांगायला खाली येऊ नकोस."

दोन तास बाकावर बसलो. मग शिट्टी, धावपळ. पहारेकऱ्यानं आणि दोन प्रवाशांनी तिला खुर्चीत घालून खाली आणलं. वरपर्यंत गेली होती म्हणे. खोलीत अर्धा तास उभी होती. उतरताना कोसळली.

अर्धा तास! म्हणजे सगळं पाहिलं असणार. अँब्युलन्समध्ये तिचा हात हातात घेतला आणि मला चक्क हायसं वाटलं.

१९ फेब्रुवारी
गाव लहान. इस्पितळातही तोच म्हातारा डॉक्टर. तिच्यादेखत माझ्यावर ओरडला. हिला त्यांची भाषा येत नाही, पण हात कळतात. त्यानं आधी जिना दाखवला. मग 'नाही, नाही' म्हणून बोट हलवलं. मग तेच बोट माझ्याकडे रोखलं. ही सगळं टिपत होती. टिपायला मीच शिकवलंय.

तो गेल्यावर मी वही काढली. "खिडकी कुठल्या बाजूला होती?"

तिनं वहीवर तळवा ठेवला. मग म्हणाली, "पित्त काय?"

मी पेनाचं टोपण काढलं.

"पाहिलं मी. सगळं पाहिलं. तुम्हाला नाही सांगणार."

२० फेब्रुवारी
पहारेकऱ्याला गाठलं. "खोली आहे. खिडकी आहे. भिंतीवर रेघोट्या आहेत." वीस वर्षं रोज वर जातो हा गाढव!

हॉटेलवर येऊन लिहायला बसलो. खोली आहे. खिडकी आहे. पुढे एक ओळ सुचेना. स्वतःच्या पायांनी फिरून लिहिलेली माझी पहिली आठ पुस्तकं आठवली. एकाचीही दुसरी आवृत्ती निघाली नाही. तिच्या चारही पुस्तकांच्या निघाल्या.

तिच्या! काय लिहिलं मी हे? खोडत नाही. राहू दे.

२२ फेब्रुवारी
वॉर्डात सहा बायका. एकीलाही हिची भाषा येत नाही. दारात थांबून पाहिलं. ही उशीला टेकून हातांनी सांगत होती. खिडकी केवढी उंच, तो टाचा उंचावून कसा बघत असेल. मग बोटानं हवेत काहीतरी कोरलं, सावकाश, थांबत थांबत. शेजारची म्हातारी रडत होती. नर्स औषधांचा ट्रे धरून तशीच उभी.

मी आत गेलो. हिनं हात चादरीखाली घेतले.

बाहेर नर्सला विचारलं, काय सांगत होती? "तुम्ही तिचे यजमान ना?" ती म्हणाली. "तुम्हाला तर आधीच सांगितलं असेल."

२३ फेब्रुवारी
आज हात जोडले. नाव घालतो म्हटलं. आभारात कशाला, मुखपृष्ठावर घालतो, माझ्या नावाच्या वर घालतो!

"राहू दे हो आता," म्हणाली. अगदी मायेनं म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं. मग विचारलं, "जेवलात का?"

मी म्हटलं, "फक्त भिंतीवरचं सांग. एवढंच."

तिनं कूस बदलली.

२४ फेब्रुवारी
प्रकाशकाचा दोनदा फोन. उचलला नाही.

२५ फेब्रुवारी
दुपारी चारला ती गेली. नर्सनं खांद्यावर हात ठेवला तेव्हा मला कळलं. मी अजून विचारतच होतो.