थिनरवर घेतलेला आळ

३ मार्च, सोमवार
दवाखाना. हेपॅटायटिस बी जुनाच आहे, लहानपणापासूनचा भाडेकरू. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, व्हायरस गप्प आहे, तरी लिव्हरला सूज. दारू घेता का? नाही म्हणालो. खोटं नव्हे. बिअरला दारू कोण म्हणतं? शनिवारचे पेग तर नरड्यातला रंग धुवायला असतात, ते औषधात धरायचं. मग कामाचं विचारलं. गाड्यांना स्प्रे मारतो म्हणालो आणि एकदम सुचलं, रंगातल्या थिनरचा वास फार हो बाई. त्यांनी मान डोलावली. शाळा सुटली म्हणून डोकं सुटत नाही.

५ मार्च, बुधवार
डोकं जरा जास्तच चाललं. बाईंनी कंपनीला चिठ्ठी दिली, कारण कळेपर्यंत याला थिनरपासून लांब ठेवा. फोरमन म्हणाला, "राजे, उद्यापासून वॉशिंगला." म्हणजे गाड्या धुवायच्या. एवढी वर्षं पॉलिश पेपर घासून आत्ता कुठे स्प्रे गन हातात आली होती. गन घेतलेला फोटो आईला पाठवला होता, तिने तो गल्लीभर फिरवला. आता तिला काय सांगू?
ठरलं. आठवड्यात गन परत.

१२ मार्च, बुधवार
कंपनी घाबरली. वासाने एकाचं लिव्हर सुजलं तर बाकीच्यांचं काय? अख्ख्या पेंटशॉपची रक्ततपासणी, तीही उपाशीपोटी. सगळे माझ्याकडे बघत रांगेत उभे. आजोबा म्हणजे आमचा सगळ्यात जुना पेंटर, माझा रूम पार्टनरही. त्यांनी चहावाचून माझ्या सात पिढ्या उद्धरल्या. मी मनात म्हटलं, उपकार करतोय तुमच्यावर.

१९ मार्च, बुधवार
सगळ्यांचे रिपोर्ट स्वच्छ. आजोबा खाटेवर बसून म्हणाले, "तुझ्या जन्माच्या आधीपासून थिनर हुंगतोय. माझं लिव्हर तान्ह्या बाळासारखं. तुझंच रे कसं सुजलं?" मग माझ्या खाटेखालच्या बाटल्यांकडे बघितलं. शेजारच्यांच्या असतील म्हणालो. आमच्या शेजारी गोदाम आहे.

२१ मार्च, शुक्रवार
सोमवारी बाईंना सांगून टाकायचं, कधीमधी घेतो. थिनर आरोपातून सुटेल, गन मिळेल. पण थोडक्यात सांगायचं. आजपासून बंद, म्हणजे रक्तही साफ. तीन दिवसांत दगडसुद्धा विरघळतो.

२२ मार्च, शनिवार
पगाराचा शनिवार. बिअरच फक्त. बिअर मोजत नाहीत.

२४ मार्च, सोमवार
बाई म्हणाल्या, "व्हायरस गप्प आहे, थिनर निर्दोष आहे. उरलं कोण?" मी म्हणालो, खोलीला ओल फार आहे. त्या हसल्या नाहीत. रक्त घेतलं. म्हणाल्या, या टेस्टमध्ये मागच्या काही आठवड्यांचं पिणं कळतं. असली चोंबडी टेस्ट कोणी काढली? "कधीमधी घेतो" पुढच्या वेळी सांगू. बाही खाली करून निघालो.

३१ मार्च, सोमवार
टेस्टमध्ये पिणं कळलं. बाई ओरडल्या नाहीत, तेच वाईट. म्हणाल्या, "मला तुम्हाला पकडायचं नव्हतं. तुमचं लिव्हर आधीच एका पाहुण्याला पोसतंय, त्यात तुम्ही दुसरा घातलात. पहिल्याच दिवशी बोलला असतात तर मी थिनरच्या मागे धावले नसते." सूज उतरते म्हणाल्या, थांबलात तर. नाही थांबलात तर काय, ते मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं तरी.
कामाचं नवीन पत्र दिलं, थिनरची हरकत नाही. त्यात दारूबद्दल एक अक्षर नाही. बाई चांगल्या आहेत.

१ एप्रिल, मंगळवार
पत्र घेऊन फोरमनकडे. गन नवीन माणसाला दिली म्हणाला. "त्याचा हात बसलाय राजे. तुमचा पाण्याच्या पाइपावर चांगला बसलाय." बाकीच्यांनी माना खाली घातल्या. खांदे हलताना दिसत होते.
आजपासून थेंब नाही. उद्यापासून धरू, आज डोकं ठिकाणावर नाही.

५ एप्रिल, शनिवार
आईचा फोन. नवीन फोटो पाठव, मावशी आलीय. पाण्याचा पाइप हातात धरून काढला. तोंडाला पितळी नळी आहे, लांबून गनच वाटते. आई म्हणाली, रंग दिसत नाही रे बाळा. म्हटलं, सध्या रंगाआधीच्या अस्तराचा हात चाललाय.
आई म्हणाली, पाण्यासारखं दिसतंय.
तिला रंगातलं काय कळतंय.