भाऊजींचा फुटबॉल

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पार्सल मिळालं ना? रागावू नकोस, पण तुझ्या घरात चोरी झाली होती आणि चोर मीच. मागच्या महिन्यात आलो होतो तेव्हा कपाटात भाऊजींच्या स्वेटरांखाली त्यांचा नाडीचा फुटबॉल दिसला. शिवण उसवलेली, चामडं भेगाळलेलं, अंग मऊ पडलेलं. विचारलं असतं तर तू "राहू दे रे" म्हणाली असतीस. म्हणून गुपचूप पिशवीत टाकला.

पुस्तकबांधणीचं दुकान बंद केल्यापासून माझे हात शिवशिवतात, हे तुला ठाऊक आहेच. समोरच्या मैदानावर टाकून दिलेले चेंडू घरी आणतो आणि दाभण-दोरा घेऊन बसतो. ही म्हणते, आता सोफ्यावर बसायचं तर चेंडूंची परवानगी काढावी लागते. बोलू दे तिला. कचऱ्यात जाणारी वस्तू पुन्हा धावायला लागली की मला जेवण गोड लागतं.

भाऊजींच्या चेंडूला मात्र चार दिवस दिले. नवी शिवण, नवी नाडी, चामड्याला तेल. आतलं जुनं ब्लॅडर, म्हणजे हवा भरायची रबरी पिशवी, काढून नवं घातलं. जुनंही वाया घालवलं नाही, कापून मैदानावरच्या पोरींच्या पाच चेंडूंना ठिगळं लावली. बघ कसा टणक झालाय! भाऊजी असते तर पाठ थोपटली असती.

कामगिरी कशी वाटली ते कळव, आणि चोरावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
धाकटा


९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आशीर्वाद.

पार्सल उघडलं आणि तसंच पुन्हा बांधून ठेवलं. दोन दिवस पत्र लिहायला घेते आहे आणि कागद फाडते आहे. तू काय केलंस हे तुला माहीत नाही, म्हणून सांगते. आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

हॉस्पिटलात न्यायच्या आदल्या संध्याकाळी ह्यांना चेंडू फुगवायची लहर आली. पंप मोडलेला. धाप लागत होती, मी नको नको म्हणत होते, तरी पायरीवर बसून तोंडाने फुगवला. मध्येच थांबून माझ्याकडे बघून हसत होते. आतल्या ब्लॅडरच्या नळीला स्वतःच्या हाताने दोरा बांधला आणि म्हणाले, परत आलो की खेळू. परत आलेच नाहीत.

त्या चेंडूत ह्यांचा श्वास होता रे. तो मऊ पडत चाललाय हे मला कळत होतं, म्हणून मी हातसुद्धा लावत नव्हते. कपाटही फारसं उघडत नव्हते. आत आहे, एवढंच पुरे होतं. हवं तर वेडी म्हण मला.

आता ह्या टणक चेंडूत तुझ्या पंपाची हवा आहे. मी काय करू तिचं?

आशीर्वाद आहेतच, पण आज मन ठिकाणावर नाही.

ताई


१४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र उभ्याने वाचत होतो. वाचून झाल्यावर सोफ्यावरचे सगळे चेंडू खाली उतरवले.

तुझ्यापासून लपवणार नाही. नळीवरची गाठ सुटेना. इतकी पक्की गाठ मारायची काय गरज होती, म्हणून भाऊजींवर चिडलोसुद्धा. शेवटी कात्रीने कापली. हवा फुस्सकन बाहेर आली, जुन्या रबराचा वास सुटला, आणि मी नाक मुरडून खिडकी उघडली. ताई, मी खिडकी उघडली गं!

दुकानात जुनं पुस्तक उसवण्याआधी मी पानन् पान चाळायचो. कुणाची चिठ्ठी, कुणाचा फोटो आत राहिला असेल म्हणून. आयुष्यभर तेच केलं, आणि आपल्या घरच्या वस्तूला विचारायचं सुचलं नाही.

काल मैदानावर जाऊन पाचही चेंडू मागून आणले. पोरी बघतच राहिल्या. ठिगळं सोडवून टेबलावर ठेवली आहेत. पाठवू का? त्यांचा तुला काय उपयोग, ते माझं मलाच कळत नाही.

क्षमा मागायला तोंड नाही. तरी मला परका करू नकोस.

तुझा अपराधी,
धाकटा


२१ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आशीर्वाद.

ठिगळं पाठवू नकोस. होती तिथे लाव आणि पोरींचे चेंडू परत कर. त्यांचा खेळ अडवून मला काय मिळणार?

दोन वर्षांपूर्वी हे घर माणसांनी भरलं होतं. सगळे रडत होते आणि मी चहा करत होते. ताई किती धीराची, असं तूच सगळ्यांना सांगत होतास. धीर कसला रे? माझ्या कपाटात हे होते. मी कशाला रडू?

पार्सल आलं तेव्हापासून डोळ्यांचं पाणी खळत नाही. शेजारीण विचारते, एवढं झालं तरी काय. तिला काय सांगू?

तेव्हा तू सगळ्यांबरोबर भेटायला आला होतास. आता पुन्हा ये. हे गेले रे, धाकट्या. आत्ता गेले. लवकर ये.

तुझी,
ताई