टिंकाच्या पिंपातलं खाणं

प्रिय आयविंद,

तुला वर काय लिहावं याचा विचार करता करता कॉफी गार झाली. 'जावईबापू' लिहायला हात शिवशिवतो, पण तो हुद्दा आता तुझ्याकडे राहिलेला नाही. 'माजी जावई' लिहिलं तर माजी महापौराला फीत कापायला बोलावल्यासारखं वाटतं. शेवटी नुसतं नाव लिहिलं. ते तुझ्या आईवडिलांनी ठेवलेलं आहे, त्यावर कुणाची हरकत येणार नाही. तर हाल्वोरचा मनापासून नमस्कार आणि (चालत असेल तर) आशीर्वाद. आम्ही इथे ठीक आहोत. आमच्या हिचा, गुद्रुनचा, गुडघा थंडीची बातमी रेडिओच्या आधी देतो. तुझं कसं चाललंय? हामारच्या त्या भाड्याच्या खोलीत हीटर नीट चालतो ना? विजेच्या खांबांवर चढताना आत लोकरीचं घालत जा. (हे गुद्रुननेही सांगितलं असतं, पण मी तुला पत्र लिहितोय हे तिला ठाऊक नाही. राग्नाला तर मुळीच कळता कामा नये. पोटच्या पोरीचा संसार मोडला आणि बाप तिच्या सोडलेल्या नवऱ्याला पत्रं लिहीत बसलाय, हे बरं दिसत नाही.)

पत्र लिहिण्यास कारण की, टिंकाचं कोरडं खाणं. याखेरीज कुठलंही कारण नाही, तेव्हा भलतंसलतं मनात आणू नकोस. तुम्ही दोघं वेगळे झालात तेव्हा राग्नाच्या ऑस्लोच्या घरात कुत्री चालत नव्हती आणि तुझ्या घरमालकिणीलाही चालत नव्हती, म्हणून टिंका 'आठ दिवसांसाठी' आमच्याकडे आली. ते आठ दिवस वसंतात सुरू झाले आणि आता झाडांची पानं गळून गेली. कुत्रीबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार पिंपाबद्दल आहे. शिकारीच्या दिवसांत टिंका आमच्याकडेच असायची म्हणून तू स्वीडनहून स्वस्तातलं पोतं आणायचास, आमच्या शेडमधल्या पिंपात ओतायचास आणि रिकामं पोतं लगेच शेगडीत घालायचास. (आवराआवरीची इतकी हौस बरी नव्हे.) पोत्यावर काय लिहिलंय ते वाचायची बुद्धी मला कधी झाली नाही, घरात जावई असताना सासऱ्याने कशाला वाचायचं? ऑगस्टमध्ये पिंपाचा तळ दिसला आणि खाण्याचं नाव सांगणारं कोणी नाही. राग्नाला विचारता आलं असतं, पण मग तुझं नाव काढावं लागलं असतं. या घरात तुझ्या नावावर बंदी कुणी घातलेली नाही, तरी ते कोणी घेत नाही.

मग मी तळातले दाणे काड्यापेटीत भरले आणि सोनाराला मणी दाखवावेत तसे दुकानोदुकानी दाखवत हिंडलो. पहिल्या दुकानातल्या मुलीने दाण्याचा वास घेतला आणि कुत्रीची जीवनशैली कशी आहे म्हणून विचारलं. मी म्हटलं, "पोरी, ती शिकारीच्या दिवसांत एल्क हरणाच्या मागे धावते आणि एरवी झोपते." त्यावर तिने नाजूक पोटाच्या कुत्र्यांसाठीचं एक पोतं काढलं. (एल्कच्या लेंड्या पचवलेलं पोट आहे ते.) त्याची किंमत ऐकून मला टेकायला स्टूल द्यावं लागलं. दुसरं पोतं धान्य वर्ज्य केलेलं, तिसऱ्यात रानफळं आणि समुद्रातलं शेवाळ, चौथं वयस्कर कुत्र्यांच्या सांध्यांसाठी (त्याची मी गुद्रुनसाठी चौकशी केली). भीक नको पण कुत्रं आवर अशी अवस्था झाली. पुढे टिंकाला लस टोचायला नेलं तेव्हा जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी चार वाक्यांत निकाल दिला. पोत्यावरचं चित्र पाहू नका, मागची यादी पाहा. पहिलं नाव मांसाचं असावं आणि ते मोघम 'प्राणिज पदार्थ' असं नसावं. किंमत पोत्याची नको, किलोची काढा. आणि एकदम बदलू नका, जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत न्या. सल्ला उत्तम होता, पण जुनं माझ्याकडे काड्यापेटीभरच होतं.

तिथून येताना गावातल्या पशुखाद्याच्या दुकानातून एक स्वस्तातलं पोतं आणलं आणि कुत्रीला घालण्याआधी स्वतः खाऊन पाहिलं. (हसू नकोस. सुनेला स्वयंपाक सांगण्याआधी सासू चाखते, त्यातलंच हे.) जन्मभर लाकडाच्या वखारीत काढल्यामुळे भुशाची चव मला चांगली कळते, आणि त्या दाण्यांत ती होती. तुझ्या दाण्यांत एक खमंगपणा होता. तेव्हा स्वीडन गाठण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

एकट्यानेच गाडी घेऊन जायचं ठरवलं होतं. दोनदा गाडी अंगणात काढलीही, पण शेजारची सीट रिकामी असली की ती गाडी फार मोठी वाटते, म्हणून परत आत लावली. शेवटी सीमेपलीकडे खरेदीला जाणाऱ्या पेन्शनरांच्या बसने गेलो. माझ्या शेजारी आपला शेजारी बिर्गर. त्याने वाटेतलं कोंग्सव्हिंगर गाव येईपर्यंत पित्ताशयाच्या ऑपरेशनची गोष्ट सांगितली आणि कोंग्सव्हिंगर गेल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. तुझ्याबरोबर जाताना आपण एक शब्द बोलायचो नाही. कोंग्सव्हिंगर आलं की तू 'हं' म्हणायचास, सीमा आली की मी 'हं' म्हणायचो. आयुष्यात इतक्या छान गप्पा मी दुसऱ्या कुणाशी मारलेल्या नाहीत. सीमेपलीकडे नेहमीच्या ठिकाणी कोळंबीचा पाव घेतला. त्यावरचं उकडलेलं अंडं मी खात नाही, ते तू उचलायचास. मी वेड्यासारखी ताटली पलीकडे सरकवली आणि समोर बिर्गर, तो म्हणतो, "मला अंडं वर्ज्य आहे, पित्ताशयाची गोष्ट सांगितली ना तुला?" ते अंडं मी कागदी रुमालात गुंडाळून टिंकासाठी आणलं.

काड्यापेटी घरच्या कोटात राहिली होती. त्यामुळे डॉक्टरीणबाईंचं सगळं बोलणं गुंडाळून ठेवून ज्या पोत्यावरची कुत्री टिंकासारखी दिसत होती ते उचललं. परतीच्या एका वळणावर पोतं फाटलं आणि दाणे बसभर घरंगळले. झाडून सारे म्हातारे गुडघ्यांवर येऊन वेचायला लागले. बिर्गरचा चष्मा खिशात होता. त्याला वाटलं कुणाचे खारे दाणे सांडलेत. मूठभर खाऊन म्हणाला, "चांगले आहेत, मीठ जरा कमी पडलंय." पोतं स्वस्त पडलं खरं, पण बसचं तिकीट, कोळंबीचा पाव आणि ड्रायव्हरची समजूत घालायला घेतलेला चॉकलेटचा डबा धरला तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

आणि एवढं करून टिंका त्याला तोंड लावत नाही. हुंगते, माझ्याकडे बघते आणि निघून जाते. हाडं वर यायला लागली आहेत. संध्याकाळी कुठल्याही डिझेल गाडीचा आवाज आला की उठून फाटकाशी जाते. (मीही जातो, पण मला तिथे पत्रपेटी बघायची असते.) खरं सांगायचं तर तिला तुझ्याशिवाय करमत नाही. मुलीच्या लग्नात बापाने डोळे पुसायचे असतात हे मला ठाऊक होतं, आणि मी पुसलेही. जावई गेल्यावर काय करायचं असतं ते कुणी सांगून ठेवलेलं नाही. मी त्या दिवशी शेडमध्ये जाऊन संध्याकाळपर्यंत लाकडं फोडली. अजून दोन हिवाळे पुरतील.

तेव्हा पोत्याचं नाव तेवढं कळव. एका ओळीचं पत्र पुरे. लोभ पूर्वी होता तेवढाच असू दे; वाढवायची गरज नाही, कमी मात्र करू नकोस.

तुझा
हाल्वोर

ता. क. नाव आठवत नसेल तर दुकानात पोतं समोर दिसल्यावर नक्की आठवेल. मला शनिवारी वेळ आहे. रविवारीही आहे. तसा मधल्या वारीही असतो.

ता. क. दुसरा. हामारला तुझी कुणी मैत्रीण आहे असं बिर्गरकडून कळलं. चांगलंच झालं, माणसाने एकटं राहू नये. तिला स्वीडनला यायचं असेल तर जरूर आण. ती पुढे बसेल. मी मागे टिंकाजवळ बसेन, मला तिथे काही अडचण होत नाही.

ता. क. तिसरा, मी गुद्रुन लिहितेय. टॅक्सच्या ऑफिसला पत्र टाकायचंय म्हणून हे माझ्याकडे तिकीट मागायला आले. टॅक्सवाल्यांना कोणी इतकी पानं लिहीत नाही, म्हणून उघडलं. टिंकाचं काही ऐकू नकोस. ती दोन्ही पोत्यांतलं मिसळून घातलेलं चाटूनपुसून खाते आणि चांगली गुबगुबीत झाली आहे. अर्ध्या जेवणावरून उठतात ते हे. शनिवारी ये, आणि त्या मुलीलाही आण. राग्नाची काळजी करू नकोस, तिला मी फोनवर सगळं पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आई, घटस्फोट मी घेतलाय. बाबांनी कुठे घेतलाय?"